घरीच उघडलेला मागचा शॉक: शिम बदलून काही महिने चालवल्यानंतर

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं पाल्हाळ नको त्यांची सुटका होईल. माउंटन बाइकच्या मागच्या शॉकचा डॅम्पर (तेलाने शॉकची हालचाल आवरणारा आतला भाग) घरी उघडून त्यातल्या शिम, म्हणजे पातळ पोलादी वॉशर, बदलणं माझ्यासाठी फायद्याचं ठरलं. सगळ्यांनी ते करावं असं मात्र मला अजिबात वाटत नाही. कोणी करावं आणि कोणी करू नये हे शॉकवरची रिबाउंडची चकतीच सांगते, म्हणजे दबलेला शॉक किती वेगात परत लांब होतो ते ठरवणारी फिरवायची चकती. ती मधल्या क्लिकांच्या आसपास स्थिरावली असेल तर डॅम्परला हात लावू नका. ती एका टोकाला जाऊन टेकली असेल आणि तरीही समाधान होत नसेल, तर पुढे वाचा.

माझी टेकलेली होती, पार 'जलद'च्या टोकाला. माझं वजन हेल्मेट, पाणी, बॅग सगळं धरून ५६ किलो. समजा एखादा शॉक ८० किलोच्या चालकाला अगदी बरोबर बसतो. तोच सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो तेवढाच, ठेवायचा तर मला हवा त्याच प्रमाणात कमी भरावी लागते. म्हणजे स्प्रिंगची ताकद साधारण ०.७ पट, वजनही ०.७ पट. गणित असं सांगतं की तोच उसळीचा तोल राखायला तेलाचा विरोधही ०.७ पटच हवा. पण तेलाचा विरोध ठरतो आतल्या पिस्टनवर आणि शिमवर, आणि ते काही माझं वजन बघून बसवलेले नसतात. चकती फिरवून जेवढा विरोध कमी होतो तेवढा केला, तरी उरलेला माझ्यासाठी जास्तच होता.

प्रत्यक्ष चालवताना हे कसं जाणवायचं? दगडांच्या किंवा मुळांच्या ओळीवरून वेगात जाताना पहिले एक-दोन दणके शॉक छान गिळायचा, पुढे मागचं चाक लाकडी वाटायला लागायचं. दोन दणक्यांच्या मधे शॉक पुरता उघडतच नव्हता. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा जास्त दबलेल्या जागेवरून सुरुवात करायचा, आणि एअर शॉक जेवढा दबलेला तेवढा कडक. इथे बहुतेक जण उलटा उपाय करतात: कडक लागतंय म्हणून आणखी हवा सोडतात. त्याने शॉकला परत ढकलणारं बळच घटतं आणि तो आणखी सावकाश उघडतो. खूण लक्षात ठेवा. चाल कडक लागते आहे, पण शॉक किती दबला ते दाखवणारी ओ-रिंग मात्र शेवटाकडे सरकलेली आहे, तर दोष हवेत नसून रिबाउंडमध्ये असण्याची शक्यता जास्त.

तरीही डॅम्परपर्यंत जायच्या आधी बाकीचं सगळं करून घेतलं, आणि ते न करता थेट शिमवर उडी मारणाऱ्यांना माझा विरोध आहे. रॉकशॉक्स कंपनी एअर कॅनची, म्हणजे बाहेरच्या हवेच्या डब्याची, सफाई दर ५० तासांनी आणि डॅम्परचं काम दर २०० तासांनी करायला सांगते. फॉक्सचा आकडा १२५ तासांचा किंवा वर्षाचा. किती जण तास मोजतात देव जाणे. एअर कॅन काढणं घरच्या घरी सहज जमतं: हवा हळूहळू सोडायची, मधे मधे शॉक थोडा दाबून सोडायचा म्हणजे निगेटिव्ह बाजूची (शॉकला उलट, आत ओढणाऱ्या छोट्या कक्षातली) हवाही निघते, मग कॅन हाताने किंवा स्ट्रॅप रेंचने उघडायचा. आतला काळा चिखल पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर सीलजवळ आणू नका, रबर फुगतं. नव्या सीलना सस्पेन्शनचं ग्रीस हलकं लावायचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं काही मिलिलिटर तेल कॅनमध्ये सोडायचं आणि बंद करायचं. फक्त एवढ्याने बारीक खडीवरची थरथर लक्षात येण्याइतकी कमी झाली. हलक्या चालकाला घर्षण जास्त बोचतं, कारण ते मोडून शॉक हलवायला आपल्याकडे वजनच कमी असतं.

एक इशारा इथेच. हवा सोडल्यावरही शॉक आखूडच राहिला, ओढूनही लांब होत नसेल, तर निगेटिव्ह कक्षात दाब अडकलेला आहे असं समजा. असा शॉक घरी उघडायचा नाही. आटे सुटताक्षणी कॅन उडून तोंडावर येऊ शकतो. तो जाणकाराकडेच न्यायचा, यात शौर्य दाखवण्यासारखं काही नाही.

हवा भरताना थांबत थांबत भरणं हेही तितकंच महत्त्वाचं. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कक्षांना जोडणारी वाट ही भिंतीतली एक छोटी खाच असते, आणि शॉक सुरुवातीच्या थोड्या भागात दाबला की सील त्या खाचेवर येऊन दोन्हीकडचा दाब सारखा होतो. सगळी हवा एकदम भरली आणि शॉक दाबून सोडला नाही, तर पहिला सॅग खोटा येतो. माझ्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दबण्याची एकूण लांबी, ५५ मिमी. ३० टक्के सॅग म्हणजे साडेसोळा मिमी. तो नीट बसवला. कॅनमधला प्लास्टिकचा व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा घटवून शेवटचा भाग कडक करणारा तुकडा) काढला, कारण माझ्याकडून शेवटचा स्ट्रोक कधी वापरलाच जात नव्हता. एवढं सगळं झाल्यावरही रिबाउंडची चकती टोकालाच राहिली. तेव्हा डॅम्पर.

डॅम्परची रचना ज्यांनी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेलाने भरलेल्या नळीत एक पिस्टन, त्याच्या दोन्ही बाजूंना शिमच्या चळती. एका बाजूची चळत दबताना वाकते, दुसरी उघडताना. संथ हालचालीत तेल बाहेरच्या रिबाउंडच्या चकतीने नियंत्रित होणाऱ्या छोट्या भोकातून जातं, वेग वाढला की शिमच्या कडा उचलल्या जाऊन मोठी वाट मोकळी होते. शॉक दबताना शाफ्ट आत शिरतो आणि तेवढ्या तेलाला कुठेतरी जागा लागते. ९ मिमी व्यासाचा शाफ्ट ५५ मिमी आत गेला की जवळपास साडेतीन मिलिलिटर. ती जागा देतो तरंगता पिस्टन, म्हणजे आयएफपी. त्याच्या पलीकडे दाबाखालचा वायू. हा दाब कमी पडला तर जोराच्या दणक्यात मुख्य पिस्टनच्या मागे पोकळी तयार होते आणि डॅम्पिंग क्षणभर गायब होतं.

म्हणून पहिलं काम आयएफपीचा दाब पूर्ण काढणं. माझ्या शॉकमध्ये टोपीखाली नेहमीचा श्रेडर व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे काम सोपं झालं. ज्यांच्यात बारीक स्क्रूखाली रबराची गोळी असते त्यांना सुईचा अॅडॉप्टर लागतो. तो नसेल तर सुरुवातच करू नका. मग शाफ्ट धरायला मऊ क्लॅम्प. हा जुगाड करायचा भाग नाही. शाफ्टवर पकडीचा एक ओरखडा पडला की नवीन सीलही तिथून तेल गाळत राहतं. सील काढायला लोखंडी टोच्यापेक्षा प्लास्टिकचा किंवा लाकडाचा बरा. नट सोडवण्याआधी शाफ्टचं टोक बघून घ्यावं. काही डॅम्परमध्ये ते ठोकून पसरवलेलं असतं, म्हणजे नट सुटू नये असाच हेतू असतो, आणि ते घासून काढल्याशिवाय जोर लावला तर आटे जातात.

शिमची चळत सुटी करताना ती एका तारेत ओवत उतरवायची. क्रम, दिशा, सगळं जसंच्या तसं राहतं. मग एकेक काढून मायक्रोमीटरने जाडी आणि कॅलिपरने व्यास मोजायचा आणि कागदावर चित्र काढायचं. हा कागद जपून ठेवा, मूळ ट्यूनकडे परत जायचा तोच एक रस्ता आहे.

आता गंमतीचा भाग. शिमचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ०.१० मिमीची शिम १ धरली तर ०.१५ची जवळजवळ ३.४ आणि ०.२०ची चक्क ८. त्यामुळे 'थोडीशी जाड घालू' असा अंदाज इथे चालत नाही. माझ्या रिबाउंडच्या चळतीत पिस्टनला लागून मोठ्या व्यासाच्या ०.१५च्या तीन शिम होत्या, त्यावर ०.१०च्या निमुळत्या होत गेलेल्या काही, आणि शेवटी चळत दाबून धरणारी क्लॅम्पची छोटी. तीनपैकी एक मोठी काढली की त्या थराचा ताठरपणा दोन तृतीयांश राहतो. मला हवा होता ०.७. आकडा इतका जवळ आला की निमुळत्या भागाला हात लावायची गरजच वाटली नाही. हे ढोबळ आहे हे मान्य. निमुळत्या शिमही भार उचलतात, त्यामुळे पूर्ण चळतीचा फरक याहून कमीच पडतो. पण घरी डॅम्पिंग मोजणारा डायनो नसतो. छोटा, मोजता येणारा बदल करून चालवून बघणं हाच उपाय.

काढलेल्या शिमची उंची मात्र भरून द्यावी लागते. चळत ०.१५ मिमीने ठेंगणी झाली की नट वेगळ्या जागी बसतो, आणि काही रचनांत आतल्या रिबाउंड सुईची जागाही बदलते. क्लॅम्पच्याच व्यासाची ०.१५ची शिम नटाच्या बाजूला टाकली की झालं. एवढ्या लहान व्यासाची शिम तिथे वाकण्यात भाग घेत नाही, फक्त जागा भरते. परत बसवण्याआधी प्रत्येक शिम काचेवर ठेवून सपाट आहे ना ते पाहिलं, आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसली. शिम आणि पिस्टनच्या मधे केसाएवढा कण राहिला तरी तेल तिथून कायम निसटत राहतं, आणि मग चकती कितीही फिरवा, फरक पडत नाही.

कॉम्प्रेशनच्या, म्हणजे दबण्याच्या, बाजूला मी काहीच केलं नाही. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू, पण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. शिवाय रिबाउंड सावकाश असताना कॉम्प्रेशन कडक वाटतंच, तेव्हा त्यावर निकाल देण्यात अर्थ नव्हता.

तेलाचं मात्र बदललं, आणि त्यावर आजही माझं मन पूर्ण पक्कं नाही. बाटलीवरचा 'वेट'चा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. दोन वेगळ्या बाटल्यांवर ५ लिहिलेलं असून आतलं तेल बरंच वेगळं निघू शकतं. बघायचा तो ४० अंश सेल्सिअसला दिलेला सेंटिस्टोकचा आकडा. मी मॅन्युअलमधल्या तेलापेक्षा साधारण पाव भागाने पातळ तेल घेतलं, कारण संथ वेगात तेल शिममधून नाही तर छोट्या वाटांतून जातं आणि तिथे शिम काढून काही साधत नाही. तापमानानुसार पातळपणा किती बदलतो हे सांगणारा व्हिस्कॉसिटी इंडेक्सही बघा. तो जितका जास्त तितका लांबच्या उतारावर फरक कमी.

बुडबुडे काढणं हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा. तेल भरायचं, पिस्टन अगदी सावकाश खाली-वर करायचा, नळीला बाहेरून हलके टिचक्या मारायच्या, थांबायचं, पुन्हा तेच. घाई केली की तेलाला फेस येतो. आयएफपी किती खोल बसवायचा तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तो कॅलिपरने मोजूनच ठेवायचा. तो चुकला आणि तेल जास्त झालं, तर शाफ्ट पूर्ण आत जायच्या आधीच तरंगता पिस्टन तळाला टेकतो. मग तेल दबत नाही आणि काहीतरी फुटतं. म्हणून एअर कॅन चढवण्याआधी डॅम्पर हाताने पूर्ण स्ट्रोकभर दाबून बघणं सक्तीचं. त्याच वेळी दुसरी तपासणीही होते: दाबता दाबता दिशा बदलली की क्षणभर पोकळ, ढिलं लागलं, तर आत हवा राहिली आहे. पुन्हा उघडा.

आयएफपीमध्ये नायट्रोजन भरायचा असतो, मी साधी हवा भरली. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. खरा फरक ओलाव्याचा आणि प्राणवायूने तेल खराब होण्याचा, आणि मी तेल तसंही लवकर बदलणार होते. दाब किती तो आकडा शॉकगणिक वेगळा. काहींत २५० पीएसआय, काहींत ३०० च्या वर. शॉकचे हातपंप बहुधा ३०० पर्यंतच जातात, तेव्हा आपला आकडा आधी बघून घ्या. हा कक्ष इतका लहान असतो की पंप पुन्हा लावून दाब 'तपासला' की नळीतच बरीच हवा निघून जाते. काट्यावर दिसतो तो आकडा त्या गळतीनंतरचा. म्हणून एकदा भरला की तपासायला म्हणून पंप लावायचा नाही.

हे झालं काम. आता चालवण्याचं.

रिबाउंडची चकती आता दहापैकी मधल्या चार-पाच क्लिकांत फिरते. माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात मोठं यश. आधी ती शोभेची होती, आता दोन्ही बाजूंना जागा आहे. ओल्या, घसरड्या दिवशी एक क्लिक सावकाश, कोरड्या खडकाळ उतारावर एक क्लिक जलद, आणि फरक खरोखर कळतो. मुळांच्या ओळीवर मागचं चाक शेवटपर्यंत जमिनीला धरून राहतं. त्याचा अनपेक्षित फायदा ब्रेकिंगला झाला: खडबडीत वळणाच्या आधी मागचा ब्रेक लावला की चाक पूर्वी टणटणत सरकायचं, आता पकड टिकते.

दुसरं, हवा वाढवता आली. रिबाउंड नीट झाल्यावर आधीचा सॅग जास्तच मऊ वाटू लागला, म्हणून २८ टक्क्यांवर आणला, आणि काढलेला व्हॉल्यूम स्पेसर परत घातला, कारण आता उड्यांवरून उतरताना शॉक तळ गाठत होता. म्हणजे आधी स्पेसर काढून जे मिळालं होतं ते दुसऱ्याच दुखण्यावरचं औषध होतं. कॉम्प्रेशन कडक असल्याची माझी जुनी तक्रारही निम्म्याहून जास्त विरली. ती बाजू न उघडल्याचं आज बरं वाटतं.

लांबच्या सलग उतारावर मात्र पातळ तेलाची किंमत मोजावी लागते. माझा शॉक वेगळी टाकी नसलेला आहे, तेल थोडंच, ते लवकर तापतं. उतार संपत येताना उसळी सुरुवातीपेक्षा मोकळी लागते. त्रास होण्याइतकी नाही, पण जाणवते. अशा दिवशी मी सुरुवातीलाच एक क्लिक सावकाश ठेवते. उलट थंडीच्या सकाळी पातळ तेल वरदान आहे, पहिल्या मिनिटापासून शॉक जागा असतो.

चढावर शॉक बंद करायच्या लिव्हरचा ताठरपणा पातळ तेलाने कमी झाला, ही खरी तोट्याची बाजू. पूर्वी 'बंद' केल्यावर शॉक जवळजवळ हलत नसे, आता पेडल मारताना हळूहळू बसतो. बसून संथ चढणाऱ्याला फरक पडणार नाही. उभं राहून चढणाऱ्याला चीड येईल.

टिकाऊपणाबद्दल. मधल्या काळात एअर कॅन नेहमीसारखा साफ केला आणि अलीकडे डॅम्परही पुन्हा उघडला. तेल राखाडी झालं होतं पण फेस नव्हता, शिमवर घासल्याच्या खुणा एकसारख्या गोल होत्या, म्हणजे कुठली शिम तिरकी बसलेली नव्हती. शाफ्टच्या सीलजवळ तेलाचा पातळ थर असायचा, थेंब नाही. एवढा ओलावा सीलला हवाच असतो. शॉकच्या टोकांच्या डोळ्यांतल्या (बोल्टच्या भोकांतल्या) बुश मात्र सैल झाल्या होत्या. त्याचा डॅम्परशी संबंध नाही, पण सीट धरून सायकल हलकेच उचलली की येणारी 'टक' पुष्कळ जण डॅम्परच्या माथी मारतात. आधी बुश बघा, त्या स्वस्तात आणि पटकन बदलतात.

वॉरंटी चालू असेल तर डॅम्पर उघडल्याने ती बहुधा जाते, आणि ज्यांचं वजन मधल्या पट्ट्यात आहे त्यांना एवढा खटाटोप करून एअर कॅनच्या सफाईपेक्षा फार जास्त काही मिळेल असं वाटत नाही. हलक्या आणि खूप वजनदार चालकांची गोष्ट वेगळी. वजनदारांची चकती दुसऱ्या टोकाला टेकलेली असते आणि त्यांना शिम वाढवाव्या लागतात, गणित तेच.

अलीकडे डॅम्पर उघडला तेव्हा मूळचं जाड तेल परत भरलं आणि त्याच्या बदल्यात निमुळत्या भागातली ०.१०ची एक शिम काढली, उंची अर्थातच भरून दिली. लिव्हरचा ताठरपणा बराचसा परत आला आहे. सपाट खडीवर रिबाउंड एका क्लिकने सावकाश वाटतो, पण चकतीवर अजून तेवढी जागा शिल्लक आहे. लांबच्या उताराला ही जोडी कशी वागते ते अजून बघायचं आहे. तिथेही जमलं तर पातळ तेलाची उरलेली बाटली पुढच्या चाकाच्या सस्पेन्शन काट्याच्या कामाला लावेन.